शके 1806ची कोजागिरी

28 ऑक्टोबर 2023ची रात्र, कोजागिरी. एक वाजून गेलाय आणि तुम्ही धरमतर खाडीकाठच्या डोलवीत रस्त्याच्या कडेला मान वर करून उभे आहात. ग्रहण लागलंय, पण खंडग्रास आणि तेही जेमतेम. बिंबाची एक कड तेवढी कुरतडलेली. जेएसडब्ल्यूच्या पोलाद कारखान्याच्या दिव्यांनी आभाळाची एक बाजू पिवळट झालीय. वडखळकडून येणाऱ्या ट्रकचा झोत डोळ्यांवर येतो. पौर्णिमा असूनही तुमची सावली पडलीय ती विजेच्या दिव्याची. त्यात चंद्राचा काय दोष? त्याचा उजेड जमिनीवर फार तर पाव लक्स, रस्त्यावरच्या दिव्याचा सहज दहा-वीस.

इथून मागे सरकायचंय. वाटेत एक थांबा घेऊ : 10 डिसेंबर 1992, दत्तजयंतीनंतरची पहाट. पाचच्या सुमाराला चंद्र खग्रास झालाय, आणि एरवी अशा वेळी जो तांबूस दिसतो तो आज मळकट, काळवंडलेला आहे. दीड वर्षापूर्वी फिलिपिन्समध्ये पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, त्याची ही करणी. असो. आपल्याला आणखी लांब जायचंय.

रस्ता जातो, कारखाना जातो, ट्रकचा आवाज जातो. पायाखाली आता खारबंदिस्तीचा मातीचा बांध आहे आणि तारीख 4 ऑक्टोबर 1884. तीही कोजागिरीच. मध्यरात्र उलटलीय. घड्याळ विचारू नका. मुंबईची वेळ तेव्हा आजच्यापेक्षा 39 मिनिटं मागे चालते, आणि या बांधावर तर भरती-ओहोटीचीच वेळ चालते. पौर्णिमेचं उधाण आहे. धरमतर खाडीचं पाणी बांधाच्या कडेला लागलंय, पलीकडे लोंब्यांवर आलेलं भात. खारं पाणी आत शिरलं तर वर्षाचं पीक गेलं, म्हणून एक म्हातारा संध्याकाळपासून उघाडीजवळ, बांधातल्या पाण्याच्या दारापाशी, बसून आहे. खेकड्याच्या बिळातून पाणी झिरपताना दिसलं की चिखलाचा गोळा घेतो, बिळात कोंबतो आणि टाचेनं दाबतो. दिवा नाही. चांदण्यात त्याला बोटाएवढी धारही दिसते. आज त्याच्या घरी कोजागिरीचं दूध नाही, कारण ग्रहणाचे वेध दुपारीच लागलेत.

एकच्या पुढे सावली चंद्रात शिरते, दोनच्या सुमाराला खग्रास. तुम्हाला ठाऊक असलेला तांबडा गोळा आता दिसायला हवा. पृथ्वीभोवतीच्या हवेच्या कडीतून गाळून, वाकून आलेला सूर्यप्रकाश ग्रहणातल्या चंद्रावर पडतो. जगातल्या सगळ्या सूर्योदय-सूर्यास्तांची तांबूस तिरीपच म्हणा. आज ती तिरीपच अडलीय. मागच्या वर्षी, 27 ऑगस्ट 1883ला, सुंदा सामुद्रधुनीतला क्राकातोआ फुटला. त्याच्या लाटेचा धक्का आपल्या किनाऱ्यापर्यंत आला होता. वांद्र्याला भरतीचं पाणी एकाएकी मागे हटलं आणि मासे कोरड्यावर राहिले, अशी हकिगत नोंदलेली आहे. मग सप्टेंबरात मद्रास आणि सिलोनकडे सूर्य हिरवा दिसला. तेव्हा वर गेलेलं गंधकाचं धुकं वर्षभरानंतरही पृथ्वीभोवती तरंगतंय आणि हवेच्या कडीची ती खिडकी त्यानं लिंपून टाकलीय. याच क्षणी युरोपात दुर्बिणी लावून बसलेले लोकही चक्रावलेत : खग्रास चंद्र इतका काळा त्यांनी पाहिलेला नाही.

गावाकडून एक तरुण येतो. हातात करंजेलाची दिवली. बांधावर पोचल्यावर ती खाली ठेवतो, वर बघतो आणि घाबरतो. चंद्रच नाही! म्हातारा म्हणतो, आहे की, त्या दोन चांदण्यांच्या मधे, राखेच्या डागासारखा. तरुणाला चांदण्या दिसतात, डाग काही दिसत नाही.

तुम्ही दोघांच्या मधे उभे आहात, म्हणून सांगतो. म्हाताऱ्याचे डोळे कधीचे अंधाराला सरावलेत. अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशी पुऱ्या जाग्या व्हायला अर्धा तास तरी लागतो, आणि दिवलीकडे एकदा रोखून पाहिलं की तो हिशेब पुन्हा पहिल्यापासून. शिवाय या पेशी बुबुळाच्या नेमक्या मागे, जिथे नजर रोखतो तिथे, जवळपास नसतातच. तरुण टक लावून बघतोय, म्हणूनच हुकतोय. म्हातारा जरा बाजूला बघतो. कुणी शिकवलं नाही, रात्री पाण्यावर लक्ष ठेवता ठेवता ती सवय लागली. उलट त्याच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरू लागला असता, तर तरुणाचा डोळा सरस ठरला असता. चंद्राचं अंतर, त्याची उंची, वाटेतलं धूर-धुकं हे सगळं खरंच मोजण्यासारखं आहे. क्षितिजापाशी तर त्याचा उजेड माथ्यापेक्षा कित्येक पट जाड हवेतून येतो. पण या बांधावर दोघांना चंद्र एकच, हवा एकच, वेळही एकच आहे. फरक तेवढा डोळ्यांत.

ग्रहण सुटायला साडेचार वाजून जातात. पाणी ओसरलंय. दोघांचा वाद मात्र चालूच : एकाच्या मते चंद्र गेला होता, दुसऱ्याच्या मते जागेवर होता. 1921मध्ये आंद्रे दांजों हा फ्रेंच खगोलज्ञ खग्रास चंद्राच्या काळोखासाठी शून्य ते चार अशी मोजपट्टी सुचवेल. शून्य म्हणजे जवळजवळ अदृश्य, चार म्हणजे लखलखीत तांबूस. ती लावायचीही नुसत्या डोळ्यानंच, त्यामुळे एकाच ग्रहणाला दोन माणसं आजही दोन आकडे देतात. तरुण इथे बेलाशक शून्य लिहील. म्हातारा म्हणेल, एवढंही कमी नको, अर्धा तरी धरा.