पेंढारी आणि गिलोटिन

अड्याळच्या ग्रामसभेचा खरा मराठी शब्द म्हणजे ‘कोरम’. कागदावर ‘गणपूर्ती’ असेल, पण ओट्यावर कुणी म्हणत नाही. मुळात हे लॅटिन सर्वनाम, अर्थ नुसता ‘ज्यांच्यापैकी’. इंग्लंडच्या राजाच्या नेमणूकपत्रातल्या ‘ज्यांच्यापैकी अमुक हजर हवेत’ अशा वाक्यातला तो तुकडा. ग्रामसभेचा कोरम म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत कमी असेल तो आकडा. अड्याळएवढ्या गावाला अर्थातच १००. तेवढी माणसं जमली नाहीत की सभा तहकूब. तहकूब सभेला मात्र कोरमची अट नाही, म्हणून घरी बसून ठराव अडवणाऱ्याचा डाव फार चालत नाही.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये अडवायचं ते हजर राहून, बोलून. त्याला शब्द ‘फिलिबस्टर’. डच ‘व्रायबाउटर’ म्हणजे मोकाट लुटारू, समुद्रावरचा पेंढारीच. स्पॅनिशमध्ये तो ‘फिलिबुस्तेरो’ झाला. १८५० च्या दशकात विल्यम वॉकरसारखे अमेरिकन खासगी फौजा घेऊन निकाराग्वावर चालून गेले, त्यांना हे नाव चिकटलं. मग सभागृहाचा वेळ लुटणाऱ्यालाही. १९५७ मध्ये स्ट्रॉम थर्मंड नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं बोलले. आता तेवढा घसाही कोरडा करावा लागत नाही: चर्चा थांबवायला १९७५ पासून १०० पैकी ६० मतं लागतात, ती नसली की विधेयक अडलंच. २०२५ मध्ये सत्ताधाऱ्यांकडे ५३ होती. तात्पुरत्या खर्चाचं विधेयक पुन्हा पुन्हा ६० पर्यंत पोचेना आणि १ ऑक्टोबरपासून सरकारी कामकाज ४३ दिवस बंद राहिलं.

आपल्याकडे असं होत नाही, कारण पैशाच्या बाबतीत घटनेनं वरच्या सभागृहाला १४ दिवसांपलीकडे हातच दिलेला नाही. खालच्या सभागृहानंच नाकारलं तर सरकार पडतं, कचेऱ्या बंद पडत नाहीत. अर्थसंकल्प लांबला तर तात्पुरत्या खर्चाची मंजुरी, म्हणजे लेखानुदान. २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीमुळे महाराष्ट्रानं फेब्रुवारीत तेच केलं, पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला आला. ‘लेखानुदान’ हा शब्द कारकुनी खरा, पण पगार त्याच्यावर होतात.

आणि बोलण्यावर उतारा म्हणून ‘गिलोटिन’. शिरच्छेदाचं हे यंत्र डॉ. गियोतँ यांनी बनवलंही नाही. ते देहदंडाच्याच विरोधात होते. नाव मात्र त्यांचं. सभागृहात अर्थसंकल्पावरच्या चर्चेची ठरलेली वेळ संपली की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकदम मताला. हे मला पेंढाऱ्याहून फार बरं वाटत नाही. अड्याळपुरतं बघा: २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत अड्याळ नावाचा विधानसभा मतदारसंघच होता. शेजारच्या गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन १९८८ चं. जलसंपदा खात्याची मागणी गिलोटिनखाली गेली, तर त्या वर्षी त्या मागणीवर धरणाच्या कालव्यांबद्दल मंत्र्यांना कुणी विचारायचं?