मेंदूसंशोधनातील स्वेच्छासहभाग आणि संमती : एक ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :
मानवी मेंदूचे कार्य समजून घेण्यास प्राण्यांवरील प्रयोग एका मर्यादेपर्यंतच उपयोगी पडतात. स्मृती, भाषा, अवधान किंवा ध्यान यांचा अभ्यास करावयाचा तर जिवंत, जागृत आणि बोलू शकणाऱ्या माणसाचे सहकार्य आवश्यक ठरते. येथेच एक पेच निर्माण होतो. हृदयाचा अभ्यास करताना संमती देणारे मन आणि तपासला जाणारा अवयव निराळे असतात. मेंदूच्या अभ्यासात मात्र जो अवयव तपासावयाचा त्याच्याच आधारे संमती मिळवावयाची असते. तो अवयवच आजारी असेल तर संमती कोणाची मानावयाची? या प्रश्नाचा मागोवा महाराष्ट्रातील दोन उदाहरणांच्या आधारे घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कोल्हापूरचे प्रकरण :
चौथे शिवाजी महाराज १८७१ मध्ये दत्तक येऊन लहान वयात कोल्हापूरच्या गादीवर बसले. पुढे त्यांना वेड लागल्याचे ब्रिटिश सरकारने ठरविले आणि १८८२ मध्ये कागलचे जयसिंगराव घाटगे यांची रीजंट म्हणून नेमणूक झाली. महाराजांना खरोखरच वेड लागले आहे की त्यांचा छळ होत आहे, यावर महाराष्ट्रात मोठा वाद माजला. ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर गंभीर आरोप केले. ज्या पत्रांचा आधार घेण्यात आला होता ती बनावट ठरली आणि जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली. महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले होते. तेथेच गोऱ्या रखवालदाराशी झालेल्या झटापटीनंतर २५ डिसेंबर १८८३ रोजी त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे वीस वर्षांचे होते.

हे प्रकरण संशोधनाचे नव्हते, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. परंतु मनाची तपासणी आणि त्या मनाचा अधिकार यांतील संबंध त्यातून ठळकपणे दिसतो. सरकार, दिवाण, वृत्तपत्रे आणि न्यायालय असे सर्व पक्ष या वादात बोलले. ज्यांच्या मनाविषयी वाद होता त्या महाराजांच्या इच्छेला मात्र, एकदा वेडाचा शिक्का बसल्यानंतर, काहीच वजन उरले नाही.

लोणावळा आणि दिल्ली येथील प्रयोग :
याच्या नेमकी उलट परिस्थिती विसाव्या शतकात योगाभ्यासकांवरील प्रयोगांत आढळते. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापून योगक्रियांची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. १९५७ मध्ये बसू बागची आणि मॅरियन वेंगर हे अमेरिकेतील संशोधक मेंदूतील विद्युत्‌लहरी नोंदविणारे यंत्र घेऊन भारतात फिरले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील बी. के. आनंद, जी. एस. छिना व बलदेव सिंग यांनी चार योग्यांवरील निरीक्षणे १९६१ मध्ये प्रसिद्ध केली. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मेंदूत सेकंदाला साधारण ८ ते १३ आवर्तनांच्या अल्फा लहरी दिसतात आणि आवाज किंवा प्रकाशाने त्या खंडित होतात. दोन योग्यांच्या बाबतीत समाधीच्या काळात अशा उद्दीपनांनी त्या खंडित झाल्या नाहीत. अन्य दोघांनी ४ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ४५ ते ५५ मिनिटे हात ठेवला, तरीही त्यांच्या अल्फा लहरी टिकून राहिल्या.

हे सहभागी स्वतःची साधना आणि स्वतःचा दावा घेऊन आले होते. निष्कर्ष नेहमी त्यांच्या बाजूने लागला असे नाही. हृदय थांबविण्याच्या दाव्याची वेंगर, बागची व आनंद यांनी तपासणी केली. श्वास रोखून छातीतील दाब वाढविल्याने नाडी लागत नाही व ठोके ऐकू येत नाहीत, हृदय मात्र चालूच असते, असे विद्युत्‌आलेखावरून सिद्ध झाले. आपला दावा खोटा ठरू शकेल हे पत्करून तपासणीस बसणे हे स्वेच्छासहभागाचे उत्तम उदाहरण होय.

नियमांचा विकास :
संशोधनात स्वेच्छेने दिलेली संमती अनिवार्य आहे आणि सहभागी व्यक्ती प्रयोग मध्येच थांबवू शकते, हे तत्त्व न्यूरेंबर्ग संहितेने १९४७ मध्ये मांडले. तरीही पेच संपला नाही. अमेरिकेतील हेन्री मोलायसन यांची १९५३ मधील शस्त्रक्रियेनंतर नव्या घटना लक्षात ठेवण्याची शक्ती गेली. त्यानंतर अर्धशतकाहून अधिक काळ त्यांच्यावर संशोधन झाले. स्मृतिशास्त्राला त्यांनी अमोल साहाय्य केले. परंतु दिलेली संमतीच ज्याला आठवत नाही त्याची संमती कशी मोजावयाची, हा प्रश्न २००८ मधील त्यांच्या निधनानंतरही उरला.

भारतात १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णांवरील संशोधनास मर्यादा घातल्या. २०१७ च्या कायद्याने रुग्णाची मुक्त व माहितीपूर्ण संमती आवश्यक ठरविली आणि ती कधीही मागे घेण्याचा हक्क दिला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात २००० साली ‘सब्जेक्ट्स’ हा शब्द होता. २००६ मध्ये त्याऐवजी ‘पार्टिसिपंट्स’ हा शब्द आला. ‘प्रयोगविषय’ असणारा माणूस अशा रीतीने ‘सहभागी’ झाला.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसून येते की, स्वेच्छासहभागाचे मूल्य केवळ सहभागीच्या धैर्यात नाही. नकार देण्याच्या त्याच्या अधिकारात ते अधिक आहे. लोणावळ्याच्या साधकाला उठून जाता येत होते, कोल्हापूरच्या राजाला येत नव्हते. कोल्हापुरात १९६२ पासून शिवाजी विद्यापीठ आणि २००० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अशा शहरात संशोधनासाठी पुढे येणाऱ्या व्यक्तीला संमतिपत्र तिला समजेल अशा मराठीत मिळणे आणि ‘नाही’ म्हटल्याने तिच्या उपचारांत वा शिक्षणात कोणतीही उणीव येणार नाही याची खात्री असणे, ही या इतिहासाची किमान शिकवण आहे.