आर्किटेक्चरवाले पाच वर्षं करतात काय?

इंजिनियरिंगच्या पोरांना आर्किटेक्चरच्या पोरांचं कोडं कधी सुटत नाही. रात्र रात्र जागून थर्माकोल कापतात, बटर पेपरच्या सुरळ्या सांभाळत लोकलमध्ये चढतात आणि वर डिग्रीला आपल्यापेक्षा एक वर्ष जास्त लावतात. चार वर्षांत पूल बांधायला शिकता येतं, मग घर काढायला पाच कशाला?

सिलॅबस बघितला तर पाच वर्षं सहज भरतात. बांधकामाचे तपशील, स्ट्रक्चर्स, हवामान, पाणी आणि ड्रेनेज, इतिहास, एस्टिमेट, कायदे. एक सेमिस्टर प्रत्यक्ष ऑफिसात, आणि शेवटी स्वतःचा प्रबंध. पण या सगळ्याच्या मध्यभागी 'डिझाइन' नावाचा एक विषय पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत असतो, आणि त्याला पाठ्यपुस्तक नसतं. हा विषय मध्यभागी कसा आला, ते बघायला मुंबईच्या जे.जे.चा इतिहास चांगला आहे.

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले आणि १८५७ मध्ये स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. आर्किटेक्चरचा वेगळा वर्ग तेव्हा नव्हता. १८६५ मध्ये लॉकवुड किपलिंग (हो, 'जंगल बुक'वाल्या रुडयार्डचे वडील) इमारतींवरची शिल्पं आणि नक्षी शिकवायला आले. आपण रोज ज्याच्याखालून धावत जातो त्या व्ही.टी.च्या इमारतीवरची पानं, फुलं, प्राणी यांतलं बरंच काम जे.जे.च्या विद्यार्थ्यांचं आहे. इमारत मात्र एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सची. थोडक्यात काय, डोकं साहेबाचं, हात आपले!

पुढे ड्रॉइंगचे वर्ग निघाले, तेही साहेबांच्या ऑफिसांना चांगले ड्राफ्ट्समन मिळावेत म्हणून. दुसऱ्याने ठरवलेली इमारत स्वच्छ, बिनचूक कागदावर उतरवणारा माणूस हवा होता. १९०८ मध्ये चार वर्षांचा सलग अभ्यासक्रम आखला गेला आणि १९१३ पासून रॉबर्ट केबल यांच्या हाताखाली या विभागाला आकार येत गेला. त्यातूनच १९१७ मध्ये इथल्या विद्यार्थ्यांनी आपली एक संघटना काढली. तीच नावं बदलत १९२९ मध्ये 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स' झाली. ड्राफ्ट्समन व्हायला आलेली पोरं बारा वर्षांत देशपातळीवरची व्यावसायिक संस्था उभी करतात, हे मला भारी वाटतं.

आता मुख्य माणूस: क्लॉड बॅटली. १९२३ ते १९४३ अशी वीस वर्षं त्यांनी या विभागाची धुरा सांभाळली. ग्रीक-रोमन खांब गिरवणं तेव्हाच्या शिक्षणात मानाचं होतं. बॅटलींनी पोरांच्या हातात टेप दिली आणि इथल्याच जुन्या इमारती मोजायला लावल्या. मोजायचं आणि मापात काढायचं. १९३४ साली त्यांनी भारतीय वास्तुकलेवर असं मोजून काढलेल्या चित्रांचं पुस्तकही केलं. आजही आर्किटेक्चरची मुलं सुट्टीत एखाद्या गावी जाऊन वाडा मोजताना दिसतात, ती हीच परंपरा.

यात शिकण्यासारखं काय? वाड्याचा फोटो काढायला दहा सेकंद पुरतात. मोजायला लागलात की प्रश्न पडतात. भिंत एवढी जाड का? ओटी चौकापेक्षा उंच का? चौक अजून दोन हात मोठा असता तर ऊन कुठवर आलं असतं? म्हणजे प्रत्येक माप हा कुणीतरी, कधीतरी घेतलेला निर्णय आहे हे कळतं. आणि ज्याला दुसऱ्याचे निर्णय वाचता येतात, तो हळूहळू स्वतःचे घ्यायला लागतो. मग स्टुडिओत स्वतःचं ड्रॉइंग भिंतीवर लावायचं आणि ज्युरीपुढे उभं राहून 'हे असंच का?' याचं उत्तर द्यायचं. पाच वर्षं लागतात ती याला.

याच काळात जे.जे.तून बाहेर पडलेली माणसं बघा. १९३६ मध्ये पेरिन मिस्त्री. देशातल्या पहिल्या स्त्री आर्किटेक्ट म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९४२ मध्ये आपल्या कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे. ते पुढे हार्वर्डला ग्रोपियसकडे शिकले आणि आय.आय.टी. कानपूरचा कॅम्पस त्यांनी उभा केला. १९५२ मध्ये जे.जे.चा हा विभाग मुंबई विद्यापीठाला जोडला गेला, १९५८ मध्ये स्वतंत्र कॉलेज झालं. १९७२च्या कायद्याने तर 'आर्किटेक्ट' हे बिरुद नोंदणी केलेल्यांपुरतंच राखून ठेवलं.

आता जरा आपल्याकडे बघू या. आमच्या धंद्याची सुरुवातही अशीच झाली की! डिझाइन सातासमुद्रापलीकडून यायचं, आम्ही ते बिनचूक कोडमध्ये उतरवायचं. त्यात कमीपणा काही नाही. व्ही.टी.वरची नक्षी करणाऱ्या हातांबद्दल मला आदरच आहे. पण इंजिनियरिंगच्या चार वर्षांत मला एकदाही कुणी दुसऱ्याने लिहिलेला मोठा, जुना, चालू असलेला प्रोग्रॅम समोर ठेवून 'हा मोज, आणि हा असा का आहे ते सांग' असं म्हटलं नाही. आम्ही कोरी फाईल उघडून प्रोग्रॅम लिहिले, व्हायव्हात व्याख्या म्हटल्या आणि पास झालो. पहिला जुना कोड भेटला तो थेट नोकरीत, डेडलाईनसकट.

नवीन भाषा, नवीन फ्रेमवर्क सिलॅबसात घाला म्हणून आपण नेहमी ओरडतो. जे.जे.च्या गोष्टीत मात्र कामाला आली ती एक साधी टेप आणि 'का?' विचारणारा मास्तर. असो. तुमच्या कॉलेजात कुणी असं काही करून घेतलं असेल तर जरूर सांगा, वाचायला आवडेल.