यंत्राने कोणाचे काम घेतले? मुंबईतील मेनफ्रेम संगणक आणि कारकुनांचा लढा

१/ १ सप्टेंबर १९५६ रोजी भारतीय आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले आणि २४५ विमा कंपन्या व संस्थांचे दप्तर एका छत्राखाली आले. विमाधारक भंडाऱ्याचा शिक्षक असो वा गिरगावातला दुकानदार, त्याचा हप्ता आला की कुठल्या तरी कचेरीत एक कारकून त्याची नोंद करी. हे काम यंत्राकडे सोपवावे का, या प्रश्नाने पुढे देशभर वादळ उठवले. त्या वादळाचा हा इतिहास.

२/ मुंबईला संगणक नवा नव्हता. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुण अभियंत्यांनी देशी बनावटीचा संगणक उभारला होता. १९६० मध्ये तो कार्यान्वित झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिले. परंतु त्याचे काम वैज्ञानिक आकडेमोडीचे होते. कारकुनाच्या मेजापर्यंत त्याचा हात पोहोचत नव्हता.

३/ तो हात आयबीएम १४०१ या यंत्राचा होता. १९६१ मध्ये मुंबईत एस्सो या तेल कंपनीकडे ते आले. एका दालनात मावणारी ही यंत्रसामग्री पंच कार्डांवर चाले. प्रत्येक कार्डावर ८० स्तंभ असत आणि एका स्तंभात एकच अक्षर किंवा अंक मावे. कार्डवाचक मिनिटाला ८०० कार्डे वाची, तर मुद्रक ६०० ओळी छापी.

४/ यंत्राची स्मृती मात्र वाढवूनही १६,००० अक्षरांपुरतीच होती. प्रस्तुत थ्रेडसारख्या तीन-चार लेखांत ती भरून जाईल! त्यामुळे जागेची कमालीची काटकसर चाले. वर्ष लिहिताना ‘१९६५’ऐवजी नुसते ‘६५’ लिहिणे ही त्यातलीच एक युक्ती. ही युक्ती लक्षात असू द्यावी. पुढे तिचे काम आहे.

५/ आयबीएम ही यंत्रे बहुधा विकत नसे, भाड्याने देई. परदेशात वापरून झालेली यंत्रे दुरुस्त करून येथे भाड्याने लावली जात. हा व्यवहार कंपनीला अत्यंत किफायतशीर होता आणि पुढे संसदेच्या लोकलेखा समितीने त्यावर कठोर टीका केली. तरीही रेल्वे, कापडगिरण्या, तेल कंपन्या असे ग्राहक वाढतच गेले.

६/ १९६० च्या दशकाच्या मध्यास आयुर्विमा महामंडळाने मुंबईत संगणक बसवला. विमा कर्मचाऱ्यांची अखिल भारतीय संघटना १९५१ मध्ये याच शहरात जन्मली होती. तिचा आक्षेप साधा होता. आज कोणाला काढणार नाही असे व्यवस्थापन म्हणेल. पण यंत्र आल्यावर उद्याची भरती कशी होणार? सुशिक्षित बेकारांच्या रांगा लागलेल्या त्या काळात विम्याची नोकरी म्हणजे एका कुटुंबाचे स्थैर्य होते.

७/ मुंबईत यंत्र बसले. कलकत्त्यात मात्र अडले. तेथील ‘इलाको हाउस’ या इमारतीत संगणक येऊ नये म्हणून १९६६ पासून कर्मचाऱ्यांनी दिवसरात्र पहारा दिला. इतर कामगार संघटना त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. अखेर तेथे संगणक बसवण्याचा बेत महामंडळाला सोडावा लागला.

८/ हा वाद मिटवण्यासाठी केंद्र सरकारने १९६९ मध्ये एक समिती नेमली आणि तिची धुरा एका मराठी अर्थशास्त्रज्ञाकडे सोपवली. ते होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर. नीलकंठ रथ यांच्यासह भारतातील दारिद्र्याचे मापन करणारे हेच दांडेकर. समितीचा अहवाल १९७२ मध्ये आला. संगणकाला सरसकट बंदी नको आणि मोकळे रानही नको. त्याचा सामाजिक लाभ-हानी हिशेब पाहून निवड करावी, असा त्याचा रोख होता.

९/ दरम्यान परकीय चलन नियमन कायदा १९७३ मध्ये मंजूर झाला. परदेशी कंपन्यांनी येथील भागभांडवल ४० टक्क्यांवर आणावे, हा त्याचा आग्रह. आयबीएमने नकार दिला. तेव्हा उद्योगमंत्री होते जॉर्ज फर्नांडिस. १९६७ मध्ये स. का. पाटलांना दक्षिण मुंबईत धूळ चारणारे हे कामगारनेते मागे हटले नाहीत. १९७८ मध्ये आयबीएमने भारतातला गाशा गुंडाळला.

१०/ कंपनी गेली, यंत्रे उरली. ती बंद पडली असती तर पगारपत्रके आणि हिशेब अडले असते. सीएमसी या सरकारी कंपनीने देशभरातील सुमारे ८०० ठिकाणांची देखभाल हाती घेतली. आयबीएमच्या काही माजी कर्मचाऱ्यांनी स्वतःची कंपनीही काढली. दुसऱ्याने बनवलेले यंत्र चालते ठेवण्याची विद्या येथे रुजली ती अशी.

११/ याच काळात दुसरा प्रवाह वाहू लागला. १९६८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने फकीरचंद कोहली यांच्या नेतृत्वाखाली १९७४ पासून बरोज या अमेरिकी कंपनीसाठी प्रणाली लिहिण्यास आरंभ केला. यंत्र आयात करायचे तर परकीय चलन मिळवून दाखवा, अशी सरकारी अट होती. त्या अटीतून निर्यातीची वाट सापडली. १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिसची नोंदणी झाली. तिचे संस्थापक पटनी कंपनीतून बाहेर पडलेले होते.

१२/ आणि मग ‘६५’ची ती युक्ती परतली. ३१ डिसेंबर १९९९ नंतर ‘००’ म्हणजे १९०० की २०००, हे जुन्या प्रणालींना कळणार नव्हते. पाश्चात्त्य बँका व विमा कंपन्यांच्या मेनफ्रेमवरील कोबोल भाषेतील कोट्यवधी ओळी तपासायच्या होत्या. ते काम मोठ्या प्रमाणावर भारतीय तरुणांकडे आले. योगायोग असा, की त्याच १९९९ मध्ये भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला. दोन्ही जिल्ह्यांतील कित्येक घरांत ‘मुलगा पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे’ हे वाक्य यानंतर रुळले.

१३/ मग पहारा देणारे कर्मचारी चुकले होते का? संगणकाने लाखो नोकऱ्या दिल्या, हे खरे. परंतु त्या मिळाल्या एका पिढीनंतर, दुसऱ्या शहरात आणि अभियांत्रिकी व इंग्रजी येणाऱ्यांना. मॅट्रिक होऊन तालुक्याच्या कचेरीत चिकटण्याची जी वाट होती, ती अरुंदच होत गेली. एकूण बेरीज वाढली, तरी ज्याच्या खात्यातून वजा झाले त्याच्याच खात्यात जमा झाले नाही.

१४/ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या निमित्ताने आज तोच वाद नव्या शब्दांत चालू आहे. या वेळी भीती त्या कारकुनांच्या नातवंडांना, म्हणजे प्रणाली लिहिणाऱ्यांना वाटते आहे. दांडेकर समितीने मागितलेला लाभ-हानीचा हिशेब म्हणूनच जुना झालेला नाही.

१५/ आपल्या घरात, नात्यात त्या काळी विमा, रेल्वे वा बँकेत पंच कार्डांवर काम केलेले कोणी असेल, तर त्यांच्या आठवणी अवश्य लिहून ठेवाव्यात. यंत्रे केव्हाच भंगारात गेली. ती पाहिलेली माणसे अजून आपल्यात आहेत.