थुंकीत जंतू, तरीही क्षय नव्हे!

नंदुरबार : दीर्घकाळचा खोकला, बारीक ताप आणि घटते वजन ही लक्षणे दिसताच पहिला संशय क्षयरोगाचा येतो आणि तो योग्यच आहे. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली लाल दिसणारा प्रत्येक जंतू क्षयाचाच असतो असे नाही.

आजाराचे स्वरूप
क्षय व कुष्ठरोगाचे जंतू वगळता 'मायकोबॅक्टेरियम' कुळात दीडशेहून अधिक जाती आहेत. या 'क्षयेतर' जंतूंचे वास्तव्य मातीत आणि पाण्यात, अगदी नळाच्या पाण्यातही असते. बहुतेकांना त्यांचा उपद्रव होत नाही. पूर्वीच्या क्षयाने फुफ्फुसाला इजा झालेल्यांना, श्वासनलिका कायमच्या रुंदावलेल्यांना किंवा प्रतिकारशक्ती घटलेल्यांना मात्र धोका अधिक. हा आजार सहसा एकापासून दुसऱ्याला होत नाही.

निदान
सीबीनॅट व ट्रूनॅट या चाचण्या क्षयाच्याच जंतूची जनुके शोधतात. त्यामुळे थुंकीत जंतू दिसले, पण या चाचण्यांत क्षय आढळला नाही, तर क्षयेतर जंतूंचा विचार करावा लागतो. त्यानंतर जंतूंची प्रयोगशाळेत वाढ (कल्चर) करून जात ओळखली जाते. पाण्यातील जंतू नमुन्यात सहज मिसळू शकतो. म्हणून एकच अहवाल पुरेसा नाही. लक्षणे, एक्स-रे वा सीटी स्कॅनमधील बदल आणि थुंकीच्या किमान दोन स्वतंत्र नमुन्यांत तीच जात, असा निकष २०२०च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आहे.

कल्चरच्या अहवालास काही आठवडे लागतात. ऊसतोडीसाठी गुजरातेत जाणाऱ्या सातपुड्यातील कुटुंबांपर्यंत तो पोहोचणे म्हणूनच कठीण. नमुना देतानाच स्थलांतराचा पत्ता व दूरध्वनी क्रमांक नोंदविणे हिताचे.

उपचार
औषधे जातीनुसार बदलतात. सर्वाधिक आढळणाऱ्या 'एव्हियम' गटासाठी ॲझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन व इथॅम्ब्युटॉल एकत्रित देतात. थुंकी जंतुमुक्त झाल्यावरही ती १२ महिने चालू ठेवावी लागतात. क्षयाचा सहा महिन्यांचा औषधक्रम येथे अपुरा पडतो. इथॅम्ब्युटॉलमुळे दृष्टीवर परिणाम होऊ शकत असल्याने नेत्रतपासणी आवश्यक ठरते. 'ॲबसेसस' ही जात अधिक चिवट असून तिच्यासाठी शिरेतून औषधे, क्वचित शस्त्रक्रियाही लागते. सौम्य आजारात काही रुग्णांना केवळ देखरेखीखाली ठेवले जाते.

रुग्णांनी काय करावे?
क्षयाची औषधे परस्पर बंद करू नयेत. औषधक्रम पूर्ण होऊनही खोकला कायम राहिल्यास तीच औषधे पुन्हा सुरू होण्यापूर्वी कल्चर तपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे.