आंदणाचा किल्ला

सोलापूरचा भुईकोट बहमनी काळातला; पुढे आदिलशाही, निजामशाही, मोगल असा तो हातोहात फिरला. एवढे माहितीपत्रकांतूनही सापडते. आम्ही जुळे सोलापूरवाले बाहेरच्या पाहुण्यांना एवढेच सांगून सिद्धेश्वराकडे वळतो. मला छळणारा प्रश्न निराळा आहे. डोंगराचा आधार नसलेल्या, सपाट माळावरच्या या कोटासाठी दोन शाह्या चाळीस वर्षे का भांडल्या?

खरे कारण नकाशात दिसते. भीमा आणि सीना यांच्या खोऱ्यांतला हा टापू म्हणजे अहमदनगर आणि विजापूर यांची शीव. कोट ज्याचा, त्याचा मुलूख. निमित्त मात्र लग्नाचे झाले.

1524 मध्ये बुऱ्हाण निजामशाह आणि इस्माईल आदिलशाह यांची भेट सोलापुरातच झाली. इस्माईलची बहीण मरियम बुऱ्हाणला दिली. सोलापूर आंदण द्यायचे कबूल केले होते, असे नगरकरांचे म्हणणे. असा शब्द दिलाच नव्हता, असे विजापूरकरांचे. ही हकिकत सांगणारा फिरिश्ता दोन्ही दरबारांत वावरलेला; पण लिहिताना तो विजापूरच्या आश्रयाला होता, हे त्याला वाचताना ध्यानात ठेवावे. मरियमला काय वाटले, हे कोणीच लिहिले नाही.

आंदण मिळेना, तेव्हा बुऱ्हाण वऱ्हाडच्या इमादशाहाला सोबत घेऊन चालून आला आणि हरून परतला. पण त्याने नाद सोडला नाही. 1552च्या सुमारास विजयनगरच्या रामरायाच्या मदतीने त्याने किल्ला घेतलाच.

पुढे तोच रामराया दोघांनाही जड झाला आणि पुन्हा सोयरीक निघाली. 1564च्या सुमारास हुसेन निजामशाहाने आपली मुलगी चांदबिबी अली आदिलशाहाला दिली आणि तिच्या आंदणात सोलापूर. ज्या बुऱ्हाणने या कोटासाठी हयात घालवली, त्याच्याच नातीबरोबर कोट विजापूरला परत गेला! अलीची बहीण नगरला सून म्हणून गेली. जानेवारी 1565 मध्ये तालिकोटच्या लढाईत रामराया मारला गेला.

आज दुहेरी तट, तीन बाजूंचा खंदक आणि पूर्वेला तलाव असा हा कोट उभा आहे. आतल्या जुन्या मंदिराचे अवशेष त्याच्याही आधीच्या वस्तीची साक्ष देतात. 1668च्या तहात आदिलशाहीने तो औरंगजेबाला देऊन टाकला. मे 1818 मध्ये मन्रोने तो पेशव्यांच्या फौजेकडून घेतला, तो वेढा घालून.