फड चालवणारी बाई ‘निर्माती’ का ठरत नाही?

दरवर्षी ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन साजरा होतो. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’चा प्रयोग केला, तिथून मराठी नाटकाचं वय मोजायचं असा रिवाज आहे. त्या दिवशी नाटककारांची, नटांची, नाट्यनिर्मात्यांची नावं घेतली जातात. संस्थानिकाच्या आश्रयाने झालेला तो प्रयोग महत्त्वाचा होता, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्याही आधीपासून महाराष्ट्रात गावोगाव खेळ होत होते. माणसं जमवली जात होती, वाद्यं वाहून नेली जात होती, रात्र उभी केली जात होती. हे काम करणाऱ्यांचा दिवस कोणता?

तमाशावर आपल्याकडे कमी लिहिलं गेलेलं नाही. लावणीवर लिहिलं गेलं, शाहिरांवर लिहिलं गेलं, सोंगाड्याच्या हजरजबाबीपणावर लिहिलं गेलं. तमाशातल्या बाईच्या रूपावर तर नको इतकं लिहिलं गेलं. पण तमाशाचा फड ही एक नाट्यसंस्था आहे आणि तो चालवणारी बाई नाट्यनिर्माती आहे, हे या लेखनात क्वचितच सापडतं. शहरात तीन अंकी नाटक काढणाऱ्याला ‘निर्माता’ म्हणतात. शंभर माणसांचा संसार ट्रकवर घालून आठ महिने महाराष्ट्र पालथा घालणारीला मात्र ‘लावणीसम्राज्ञी’ म्हणतात. हा फरक कलेतून आलेला नाही. तो जातीतून आलेला आहे.

फड म्हणजे काय?

आधी फडाचं काम समजून घेऊ. तंबूचा मोठा फड दसऱ्याच्या सुमारास बाहेर पडतो आणि वैशाखात परततो. फडात नाचणाऱ्या बाया, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, झीलकरी, वगातली पात्रं असतात. त्यांच्याइतकीच माणसं प्रेक्षकाला न दिसणारी असतात. तंबूचे खुंट ठोकणारे, स्टेज जोडणारे, जनरेटर आणि लाइट सांभाळणारे, पडदे रंगवणारे, ड्रायव्हर, स्वयंपाकी, तिकीटबारीवर बसणारे आणि पुढच्या गावी आधीच जाऊन जागा व परवानगी बघणारे. रात्री खेळ संपला की तंबू उतरतो, ट्रक भरतो, सकाळी दुसऱ्या गावाच्या माळावर पुन्हा खुंट ठोकले जातात. गण, गवळण, बतावणी, वग हा क्रम ठरलेला असला, तरी त्या रात्रीचा वग कोणता, किती वेळ चालवायचा, गर्दी बिथरली तर काय कापायचं आणि काय आधी आणायचं, हे सगळं पडद्यामागे उभं राहून ठरवावं लागतं. शहरी रंगभूमीवर याला रंगमंच व्यवस्थापन म्हणतात.

जत्रेच्या हंगामाचा बाजार वेगळा. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच तिथे येतात, घासाघीस होते, सुपारी ठरते. एका तारखेला दोन गावं मागे लागली तर कोणाला होकार द्यायचा, कुठला प्रवास परवडतो, कुठल्या गावात मागच्या वर्षी दगडफेक झाली होती, हे सगळं मालकाच्या किंवा मॅनेजरच्या डोक्यात असतं.

या सगळ्याच्या मुळाशी एक शब्द आहे: उचल. हंगाम सुरू होण्याआधी कलावंताला पैसे द्यावे लागतात. त्यावर त्याचा पावसाळा निघतो, पोरीचं लग्न होतं, आजारपण भागतं. मग तो हंगामभर काम करून ती फेडतो. ऊसतोड कामगाराच्या आणि वीटभट्टीवरच्या मजुराच्या आयुष्यातही हाच शब्द आहे. फडमालक ही उचल आणतो कुठून? बहुतेक वेळा सावकाराकडून, व्याजाने. म्हणजे कलावंत मालकाचा देणेकरी आणि मालक सावकाराचा देणेकरी. अवकाळी पाऊस पडला, गावात मयत झाली, परवानगी नाकारली गेली, तर कर्ज थांबत नाही. अशा साखळीत राहून वीस, तीस, चाळीस हंगाम फड टिकवणं याला केवळ ‘कलेची सेवा’ म्हणणं हा त्या व्यवस्थापनाचा अपमान आहे.

पाटीवरचा ‘सह’

कांताबाई सातारकर यांचं उदाहरण घ्या. १९३९ साली दलित मजूर कुटुंबात जन्म. लहान वयातच त्या बोर्डावर उभ्या राहिल्या. पुढे तुकाराम खेडकरांच्या फडात गेल्या आणि त्यांच्या सहचारिणी झाल्या. १९६४ साली खेडकर गेले. पदरात मुलं होती. त्यानंतर या बाईने स्वतःचा फड उभा केला आणि तो महाराष्ट्रातल्या अव्वल फडांत नेऊन बसवला. ज्या रंगभूमीच्या इतिहासात पुरुषांनी केलेल्या स्त्रीभूमिकांचे सोहळे होतात, त्याच महाराष्ट्रात कांताबाई वगात छत्रपती शिवाजी आणि संभाजी उभे करत होत्या. त्याविषयी किती ग्रंथ निघाले? मे २०२१ मध्ये, कोरोनाच्या लाटेत, संगमनेरला त्यांचं निधन झालं. सत्तर वर्षांच्या आसपासची ही कारकीर्द.

त्यांच्या फडाची पाटी पाहा. आधी होती ‘तुकाराम खेडकर सह कांताबाई सातारकर’. पुढे मुलाचं नाव आलं: ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’. आधी नवरा, मग मुलगा, आणि बाई दोन्ही वेळा ‘सह’. कोणी म्हणेल, हा धंद्याचा हिशोब होता, खेडकरांच्या नावाला किंमत होती. बरोबर आहे, आणि तो हिशोब करणारी व्यवस्थापक तीच होती. पण बाईने उभा केलेला फड बाजारात चालवायला पुरुषाचं नाव पुढे लावावं लागतं, ही त्या बाजाराची जात आणि लिंग दोन्ही सांगणारी गोष्ट आहे.

दुसरी पाटी त्याहून बोलकी आहे: ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’. किर्लोस्कर नाटक मंडळी, गंधर्व नाटक मंडळी, ललितकलादर्श ही नावं आठवा. तिथे मालकाची जात पाटीवर लिहावी लागली नाही. ती न लिहिताच चालत होती. इथे मात्र जात हीच ओळख, जात हीच जाहिरात. या घराण्यातल्या विठाबाईंनी (१९३५–२००२) ते नाव देशभर नेलं आणि पुढे स्वतःचा फडही चालवला.

विठाबाईंची एक हकिकत सगळे सांगतात. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा आल्या, पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर जायला निघाल्या. ही हकिकत ऐकून भाषणांत टाळ्या पडतात. ‘केवढी ही कलेवरची निष्ठा!’ टाळ्या वाजवणाऱ्यांना एकच विचारायचं आहे: ती बाई उभी राहिली नसती तर काय झालं असतं? खेळ मोडला असता. बिथरलेलं पब्लिक तंबूवर आलं असतं. सुपारी बुडाली असती आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या चुली विझल्या असत्या. बाळंतिणीला रजा देण्याइतकीही फट ज्या व्यवसायात नव्हती, त्याचं हे वर्णन आहे. या घटनेला ‘निष्ठा’ म्हटलं की प्रेक्षकही सुटतो, समाजही सुटतो आणि सरकारही सुटतं. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या याच विठाबाईंच्या अखेरच्या आजारपणात पैशाची ददात होती.

मग बाबासाहेबांनी नकार का दिला?

इथे आपलेच काही कार्यकर्ते विचारतील: तमाशाचं हे कौतुक आंबेडकरी माणसाने कशाला करायचं? प्रश्न योग्य आहे. पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी आपल्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं आणि बाबासाहेबांनी ते नाकारलं, ही आठवण चळवळीत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. आमच्या आयाबहिणींना नाचवून मिळालेला पैसा आमच्या मुक्तीसाठी नको, हा त्यामागचा अर्थ. १९३६ साली मुंबईत देवदासी, मुरळ्या, जोगतिणी यांच्या सभेतही त्यांनी हे जगणं सोडण्याचंच आवाहन केलं.

बाबासाहेबांचा नकार त्या बायांच्या हुन्नराला नव्हता. तो जातीने लादलेल्या धंद्याला आणि त्यातून होणाऱ्या देहाच्या बाजाराला होता. याचा पुरावा चळवळीनेच दिला. भीमराव कर्डकांसारख्यांनी आंबेडकरी जलसे उभे केले, तेव्हा मांडणी तमाशाचीच घेतली. गणातला देव काढला, नाचणारी बाई काढली, सवाल-जवाबात अस्पृश्यतेचा प्रश्न आणला. ढोलकी तीच, माणसं जमवण्याचं, रात्र धरून ठेवण्याचं कसब तेच, हेतू मात्र बदलला. म्हणजे पूर्वजांचं कौशल्य स्वीकारायचं आणि गुलामी नाकारायची, ही आपली रीत आहे. कांताबाई, विठाबाई यांना निर्माती म्हणणं हे याच रीतीत बसतं. त्यामुळे तमाशा पवित्र होत नाही आणि त्यातलं शोषणही झाकलं जात नाही. उलट, त्यांना फक्त ‘नाचणारी’ ठेवणं हेच जातीच्या सोयीचं आहे. नाचणारीला बक्षीस देऊन गप्प करता येतं. मालकिणीला हिशोब द्यावा लागतो.

सरकार आणि प्रस्थापित रंगभूमी यांचा व्यवहार पाहिला की हे पटेल. स्वातंत्र्यानंतर लगोलग मुंबई सरकारने अश्लीलतेच्या नावाखाली तमाशावर बंदी आणली, मग सुधारणेच्या अटी आणि सेन्सॉर आले. अण्णाभाऊ साठ्यांच्या लाल बावटा कलापथकालाही सरकारी बंदी सोसावी लागली. दुसऱ्या बाजूला तमाशाचा घाट शहरात गेला, नाट्यगृहांत ‘लोकनाट्य’ म्हणून हाऊसफुल्ल झाला, ‘पिंजरा’सारख्या सिनेमांनी पडदा गाजवला. घाट घेतला, ठेका घेतला, बतावणी घेतली. फडातल्या माणसाच्या उचलीचं काय झालं, हे कोणी विचारलं नाही. २०२० आणि २०२१ मध्ये सलग दोन वर्षं जत्रा बंद राहिल्या, तेव्हा याच माणसांची उपासमार झाली.

म्हणून मागण्या साध्या आहेत. फडांच्या उचलीच्या वह्या, सुपारीच्या पावत्या, दौऱ्यांच्या तारखा, परवानगीचे कागद पत्र्याच्या पेट्यांत कुजत पडलेत. ती मराठी रंगभूमीची कागदपत्रं आहेत, ती जमवा आणि जपा. वृद्ध कलावंतांसाठी मानधनाची योजना आहे, पण आयुष्यभर खुंट ठोकणाऱ्याने आपण ‘कलावंत’ असल्याचा पुरावा कुठून आणायचा? फडातल्या प्रत्येकाची कामगार म्हणून नोंद करा, त्यांना बाळंतपणाची रजा, विमा आणि निवृत्तिवेतन द्या. सावकाराऐवजी बँकेने फडाला हंगामी कर्ज द्यावं. शेतीला पीककर्ज मिळू शकतं, तर हंगामावर जगणाऱ्या फडाला का नाही?

आणि पुढच्या ५ नोव्हेंबरला मराठी नाट्यनिर्मात्यांची यादी वाचली जाईल, तेव्हा त्यात कांताबाई सातारकर हे नाव ‘सह’ शिवाय वाचलं जावं. नाही वाचलं गेलं, तर सभागृहात उभं राहून विचारायला आपण असलं पाहिजे.

जय भीम!